वाचकांचे प्रश्न : घरचा ससा कापताना

प्रश्न : घरी खाण्यापुरते न्यूझीलंड व्हाइट जातीचे आठ ससे पाळले आहेत. तीन महिन्यांचे झालेत, वजन दोन किलोच्या आसपास. कोंबडी कापायची सवय आहे, ससा कधी कापला नाही. त्याला त्रास न होता हे कसं करावं? (वाचक, ता. जुन्नर)

उत्तर : कोंबडीची सवय इथे बाजूला ठेवा. शुद्धीवर असलेल्या सशाच्या गळ्यावर सुरी चालवू नका. आधी त्याची शुद्ध एका झटक्यात गेली पाहिजे, रक्त त्यानंतर काढायचं.

आदल्या रात्रीपासून आठ-दहा तास खाद्य बंद ठेवा, पाणी चालू राहू द्या. काम सकाळी, ऊन चढायच्या आत उरका. ससा पिंजऱ्यात इकडेतिकडे पळवून पकडू नका. घाबरून दमलेल्या जनावराचं मटण लवकर खराब होतं, पण त्याआधी ते घाबरणं हाच त्याचा त्रास आहे. कान धरून तर कधीच उचलू नका. मानेमागची सैल कातडी एका हातात आणि दुसरा हात ढुंगणाखाली. मागचे पाय लोंबकळत राहिले, तर तो लाथा झाडताना स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो.

दोन किलोच्या सशाला काठीची पद्धत चालते. जमीन टणक हवी, वर रबरी मॅट किंवा गोणपाट अंथरा म्हणजे पाय घसरणार नाहीत. साधारण दोन फूट लांब, अंगठ्याएवढी जाड, सरळ काठी घ्या. सशाला पोटावर बसवून पुढ्यात कोथिंबिरीच्या दोन काड्या टाका. तो खायला लागला की काठी कानांच्या अगदी मागे, कवटी आणि मान जिथे जुळतात तिथे आडवी ठेवा. एक पाय काठीच्या एका टोकावर आधी टेकवून ठेवायचा. मग दुसरा पाय दुसऱ्या टोकावर रोवणं आणि मागचे दोन्ही पाय धरून सरळ वर जोरात ओढणं, ही एकच हालचाल. यात थांबायला जागा नाही. मान सुटल्याचं हाताला कळतं.

चूक होते ती दोन ठिकाणी. काठी खांद्याकडे सरकली तर कणा खाली तुटतो. मग अंग लुळं पडतं, पण जनावर शुद्धीवर राहतं. याहून वाईट काही नाही. दुसरी चूक भीतभीत ओढण्याची. जोर जास्त झाला तर फार तर मुंडकं वेगळं होईल, त्यात सशाचा त्रास वाढत नाही. कमी जोराला मात्र क्षमा नाही. म्हणून एक भरीव दंडुका हाताशी ठेवाच. शंका आली की लगेच दोन कानांच्या मध्ये, डोक्यावर एक जोरदार फटका मारायचा. चार किलोच्या जुन्या नराची मान जाड असते, नवख्याने त्याच्यावर शिकू नये. पहिला ससा जाणत्या माणसासमोरच करा आणि त्याआधी ही हालचाल मेलेल्या सशावर करून पाहा.

मान सुटली की लगेच मागच्या एका पायाने उलटा टांगून गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा कापा. दोन-तीन मिनिटांत रक्त उतरतं.

सोलणं अंग गरम असतानाच सोपं जातं. आधी केस ओल्या हाताने चेपून घ्या म्हणजे उडणार नाहीत. मागच्या घोट्यांभोवती कातडी गोल कापा. तिथून मांडीच्या आतल्या बाजूने गुदद्वारापर्यंत चीर द्या, शेपटी तोडा आणि उलटा मोजा काढावा तशी कातडी खाली ओढा. सुरीचं काम फार थोडं, मूठच जास्त चालते. केसांना लागलेला हात मटणाला लावू नका.

पोट फाडताना चामडी चिमटीत वर उचलून लहान छेद द्या, दोन बोटं आत घाला आणि धार बाहेरच्या बाजूला ठेवून बोटांच्या मधून सुरी न्या. सशाचं आंधळं आतडं मोठं आणि नाजूक असतं, सुरीचं टोक आत गेलं की तेच आधी फुटतं. लघवीची पिशवी तिच्या तोंडाजवळ चिमटीत धरून काढा. पित्ताची पिशवी काळजाच्या लहानशा तुकड्यासकटच कापा, नुसती ओढली की फुटते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या पिवळट गाठी काढायला विसरू नका, त्यांचा वास मटणाला लागतो. मग थंड स्वच्छ पाण्याने धुऊन निथळत ठेवा. दोन किलोच्या सशाला किलोभर मटणाचा उतारा पडतो.

प्रश्न : मान मोडल्यावरही ससा बराच वेळ पाय झाडत होता. तो जिवंत होता का? (वाचक, कराड)

उत्तर : नुसत्या पाय झाडण्यावरून ठरवू नका. मेंदूचा ताबा सुटला की स्नायू आपोआप उडतात. डोळ्याच्या बुबुळाला बोट लावा. पापणी मिटायला नको, छातीची लयीत वरखाली नको, जबडा सैल हवा, आवाज नको. कवटीमागे बोटाने चाचपलं तर खळगा लागतो. यातलं एक जरी चुकत असेल तर तपासत बसू नका, आधी दंडुक्याचा फटका मारा.

प्रश्न : कापल्यावर चार तासांनी शिजवलं, तर मटण चिवट झालं. (वाचक, सांगोला)

उत्तर : ताठलेलं मटण शिजवलंत. अंग ताठायच्या आत, म्हणजे कापल्यावर लगेच चुलीवर चढवा, नाहीतर झाकून फ्रिजमध्ये, चार अंशांच्या आसपास, चोवीस तास ठेवा. ताठा उतरला की मऊ शिजतं. सशाच्या मटणाला चरबी कमी, मोठ्या आचेवर कोरडं पडतं. रस्साच करा.

प्रश्न : काळजावर पांढरे ठिपके निघाले. मटण खावं का? (वाचक, अकोले)

उत्तर : ते बहुधा कॉक्सिडिओसिसचे, म्हणजे सूक्ष्म परजीवींमुळे होणाऱ्या आजाराचे ठिपके आहेत. हा आजार माणसाला होत नाही. काळीज टाकून द्या. ससा अंगाने भरलेला असेल तर बाकीचं मटण चालेल. खंगलेला, अंगात पू किंवा गाठी असलेला ससा पूर्ण पुरा. उरलेल्या सशांची लेंडी खाद्यात पडू देऊ नका, पिंजऱ्याचा तळ जाळीचा ठेवा आणि पशुवैद्यकाकडून औषध घ्या. औषध दिल्यावर किती दिवस कापायचं नाही, तेही त्यांनाच विचारा आणि पिंजऱ्यावर तारीख लिहा.

आतड्यांच्या पडद्याला पाण्याचे फोड दिसले, तर त्या कुत्र्याच्या पट्टकृमीच्या अळ्या असतात. कच्ची आतडी कुत्र्याला टाकू नका, त्याला जंतनाशक द्या आणि सशांच्या चाऱ्यापासून त्याला लांब ठेवा.

प्रश्न : शेतात सापडणारा रानससा असाच कापता येईल का? (वाचक, मंगळवेढा)

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याची शिकार गुन्हा आहे.