डिझायनिंगचा कोर्स झालाय, नाशिकला रोजच्या वापराच्या कॉटन कुर्त्यांचं बुटीक काढायचंय. पाच लाखांत सुरुवात कशी करू?

डिझाइनपेक्षा आधी साइझचा हिशेब करा, कारण पैसा तिथे अडकतो. एका रंगाचा कुर्ता ठेवायचा म्हणजे एस ते डबल एक्सएल १:२:२:२:१ असा आठ नगांचा सेट. पाच डिझाइन, प्रत्येकी तीन रंग, झाले १२० नग. माझ्या मते पहिल्या खेपेला याहून जास्त शिवूच नयेत. उरतात ते बहुधा दोन्ही टोकांचे साइझ, आणि ते शेवटी सेलमध्येच जातात.

एका नगाचा खर्च साधारण असा धरा: ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड, १३० च्या भावाने ३२५. कटिंग-शिलाई २००. बकरम (गळापट्टीला ताठपणा देणारं आतलं कापड), बटणं, दोरा, लेबल ३५. काज, इस्त्री, पॅकिंग ३०. वाया जाणारं कापड आणि बिघडलेले नग यांचे ३०. एकूण ६२०. तुमच्याकडचे भाव घालून हीच मांडणी करा. विक्री १,३९९ ला ठेवली आणि सेलमध्ये ३० टक्के सूट दिली, तर ५ टक्के जीएसटी वजा जाता हातात साधारण ९३२ येतात. म्हणजे नगामागे ३१२, आणि त्यातूनच भाडं, वीज, पगार. दुप्पट भाव लावला की भरपूर सुटतं असं वाटतं, ते सेलपर्यंतच.

सर्वात जास्त तक्रारी येतात त्या कापड आटल्याच्या. प्रत्येक ताक्यातून (कापडाच्या गठ्ठ्यातून) तुकडा काढा, त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, धुवून, वाळवून, इस्त्री करून मोजा. उभ्या धाग्यात, म्हणजे कापडाच्या लांबीत, ४८ भरला तर ४ टक्के आटलं. ४६ इंचाचा कुर्ता पहिल्या धुण्यातच जवळपास दोन इंच तोकडा होणार. मग एकतर कापड धुवून कापा, नाहीतर पॅटर्नमध्ये तेवढं वाढवा. रेयॉन आणखी आटतं, शिवाय कापताना सरकतं, म्हणून कापताना एकावर एक थर कमी लावा. त्याच तुकड्यावर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का बघा. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होत नाही, दुकानदार काहीही सांगो.

एकाच नंबरच्या दोन ताक्यांची शेड वेगळी निघू शकते. एका कुर्त्याचे पुढा, पाठ आणि बाह्या एकाच ताक्यातून काढायला कटिंग मास्टरला बजावून सांगा. नमुन्याचा कुर्ता एलमध्ये शिवून कोणाला तरी घालायला द्या, हात वर करून, बसून बघायला सांगा. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, नीट बसतो का ते तिथेच कळतं, पुतळ्यावर नाही.

कागदपत्रं फार नाहीत. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याची) फक्त ऑनलाइन सूचना पुरते. मालाच्या व्यापाराला जीएसटी नोंदणी ४० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, पण इन्स्टाग्रामवरून इंदूरला किंवा सुरतेला एक कुर्ता जरी विकलात तरी परराज्यातली विक्री म्हणून नोंदणी आधी हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के कर आहे, त्यामुळे २,६०० च्या आसपासचा भाव टाळा.