ढग काळे केले म्हणून चित्र उदास होत नाही

तुझं चित्र रात्री दोन-तीनदा झूम करून बघितलं. पडकी भिंत, वठलेलं झाड, वर काळेकुट्ट ढग. मेहनत दिसतेय, पण खरं सांगू का, मला उदासी नाही दिसली, सिक्स बीची मऊ, काळीभोर पेन्सिल दिसली आणि बोटाने घासलेलं शेडिंग दिसलं. आणि ती डावीकडची फांदी बघ, ती खोडातून फुटलेलीच नाहीये, नंतर चिकटवल्यासारखी वाटते. नेटवरच्या फोटोवरून काढलंस ना?

तुला तो जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश आवडतो म्हणून त्याचंच सांगते. धुकं, थडगी, पडके मठ, हे आपण पेंटिंगमध्ये बघतो, पण त्याच्या पेन्सिल स्टडीज, म्हणजे समोर बघून केलेली अभ्यासाची रेखाटनं, शोधून बघ गं. नुसती झाडं! एकेक ओक, फांदी कुठे वळली, कुठे मोडली, सगळं बारीक रेषेत, आणि बाजूला तारीख. मूड आणायची खटपट कुठेच नाही, नुसतं बघणं. मग स्टुडिओत बसून तेच झाड तो बर्फात नेऊन उभं करायचा, एकच स्टडी वेगवेगळ्या चित्रांत वापरायचा. ओकच्या रानातल्या मठाचं ते १८०९-१० चं चित्र आठव, बर्लिनला आहे ते. मठाचे अवशेष एल्डेनाचे, त्याच्या जन्मगावाजवळचे. त्यात काळोख खाली आहे, जमिनीलगत, आणि वर आभाळात चक्क उजेड आहे, म्हणून तर त्या उघड्या फांद्या अंगावर येतात. तू बरोबर उलटं केलंस, वरचा सगळा कागद भरून टाकलास, मग फांद्या दिसणार कशा?

कागद कोरा सोडायला भीती वाटते, मला माहितीये, मलाही वाटायची. पण पेन्सिलीत धुकं म्हणजे कोरा कागदच, घासून ते येत नाही, मळतं नुसतं. लांबची झाडं कडक टू एचने अगदी हलक्या हाताने काढ, जवळचं खोड मऊ टू बीने. या कडक-मऊ पेन्सिली पण त्याच काळातल्या बरं का, १७९५ मध्ये काँते नावाच्या संशोधकाने फ्रान्समध्ये ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळली, माती जास्त तितकी पेन्सिल कडक.

आता ढगबिग सोड. तुमच्या घरामागे तो पिंपळ आहे ना, सकाळी लवकर जा आणि त्याची एकच फांदी काढ, खोडातून निघते तिथपासून शेवटच्या टोकापर्यंत, खोडरबर घरी ठेवून. कोपऱ्यात तारीख टाक आणि मला पाठव, कशीही आली तरी पाठव.