भगताशी भांडण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागाच्या भरात लिहिलंयस, आणि तो राग मला समजतो. सर्पदंशावर बोलायला गावात गेलास, पारावर माणसं जमली, सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात एक आजोबा उठले आणि म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाला जनावर डसलं होतं. मंत्रानं उतरलं. या डोळ्यांनी बघितलंय." तू तिथल्या तिथे त्यांना खोटं पाडलंस, वर जादूटोणाविरोधी कायदाही ऐकवलास. मग बायका उठल्या, पोरं पांगली, आणि सरपंचांनी चहा मागवून विषय मिटवला. आता तू विचारतोयस, अशा माणसांना समजवायचं तरी कसं?

आजोबा खोटं बोलत नव्हते, हे आधी मान्य कर.

भावाला साप चावला, भगतानं मंत्र घातला, भाऊ वाचला. तिन्ही गोष्टी घडल्या आहेत. चूक आहे ती त्यांची सांगड घालण्यात. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण चावते, तस्कर चावतो, आणि ओढ्यातली दिवड तर हात लावला की चावतेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चौघे विषारी खरे, पण तेही प्रत्येक चाव्यात विष सोडतातच असं नाही. कोरडा चावा पुष्कळदा असतो. म्हणजे भगताकडे येणाऱ्यांतले बरेच जण काहीही न करता बरे होणारेच असतात. जो दगावतो त्याच्यासाठी कारणं तयार असतात: पथ्य मोडलं, आणायला उशीर केला, काळच आला होता. अशा हिशेबात भगत हरतोच कधी? पिढ्यान्‌पिढ्या गावानं डोळ्यांनी पाहिलेला हा अनुभव आहे, आणि तो तू एका वाक्यात खोडायला निघालास.

त्याऐवजी आजोबांना बोलतं करायचं. "आजोबा, भाऊ वाचला हे फार बरं झालं. जनावर कुणी पाहिलं होतं का? पाय कुठपर्यंत सुजला? हिरड्यांतून, लघवीतून रक्त आलं होतं का? पापण्या मिटत होत्या का, आवंढा गिळता येत होता का?" ते आठवून सांगतील, शेजारचा भर घालेल, आणि विषबाधेची लक्षणं सगळ्या पारासमोर आपोआप मांडली जातील. मग तू म्हण, "बहुतेक तो बिनविषारी असेल, नाहीतर चावा कोरडा असेल. असा माणूस भगताकडे वाचतो, डॉक्टरकडे वाचतो आणि घरी बसूनही वाचतो. पण चावा कसा आहे हे पहिल्या तासाभरात मलाही सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकाला दवाखान्यात न्यायचं." यात आजोबांची मान खाली जात नाही. सभेत मान खाली गेलेला माणूस तुझं ऐकत नाहीच, आणि त्याच्या घरातही कुणाला ऐकू देत नाही.

कायद्याचं म्हणशील तर तो चांगला आहे. २०१३ च्या त्या कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण तो रोखणाऱ्यासाठी आहे. जुनी आठवण सांगणाऱ्या म्हाताऱ्यावर तो कशाला उगारायचा? खिशात असू दे. एखादा भगत खरोखर गाडी अडवून बसला तर काढ.

दुसरं म्हणजे, सगळे गैरसमज एका बैठकीत उपटायचा हट्ट सोड. नागमणी, डूख धरणारी नागीण, गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिणारी धामण, यांनी कुणी मरत नाही. पोरांनी विचारलं तर सांग, हसतखेळत सांग, पण त्यासाठी सभा खर्ची घालू नकोस. मांडुळाचं मात्र आवर्जून बोल. दुतोंड्या सापानं धनलाभ होतो म्हणून लाखांचे व्यवहार ठरतात, त्यात पोरं पैसे घालवून बसतात आणि वन्यजीव कायद्याखाली आतही जातात. नागपंचमीला आणलेला नाग दूध पितो तो तहानेनं कासावीस झालेला असतो म्हणून, हे शाळेत सांगायला ठीक. श्रावणात भर सभेत काढलंस तर सर्पदंश बाजूला राहील आणि धर्म सुरू होईल.

जीव घेणारे गैरसमज वेगळे, आणि त्यातला सर्वांत हट्टी म्हणजे आवळून बांधणं. चावला की वर सुतळी, कासरा, पदराची चिंधी, जे सापडेल ते करकचून. याला तू पत्रात अंधश्रद्धा म्हटलंयस. नाही रे! हे आपण शिकल्या-सवरल्या माणसांनीच शिकवलंय. माझ्या पिढीनं शाळेत प्रथमोपचारात हेच पाठ केलं: आवळपट्टी बांधा, ब्लेडनं चीर द्या, पोटॅशियम परमँगनेट भरा. त्या काळचे डॉक्टरही तेच सांगत. पुढे कळलं की आवळल्यानं विष थांबत नाही, उलट रक्तपुरवठा तुटून हातपाय गमवायची वेळ येते; आणि घोणस किंवा फुरसं असेल तर चीर दिलेली जखम वाहतच राहते, कारण रक्त गोठायचंच थांबलेलं असतं. तेव्हा एखादे निवृत्त गुरुजी उठून "बांधलंच पाहिजे" म्हणाले तर त्यांना सांग, "गुरुजी, पुस्तकात तसंच होतं. आता पुस्तक बदललंय." लोकांना हे पटतं. आधीच्यांना मूर्ख न ठरवता नवीन स्वीकारायची वाट मिळते त्यांना.

इथे एक धोका लक्षात ठेव. तू पोचशील तेव्हा कुणीतरी आधीच आवळलेलं असेल. बोटं काळीनिळी पडलेली पाहून तू जोशात कात्रीनं दोरी कापशील. ते करू नकोस. फार घट्ट बांधलेली पट्टी एकदम सोडली की अडकलेलं विष एका दमात अंगभर जाऊ शकतं. ती दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, औषध हाताशी ठेवून सोडायची. आपलं म्हणणं बरोबर आहे एवढ्यावर हात चालवू नये.

बाकीचे प्रकार तुला ठाऊक आहेतच: मिरची खायला घालून तिखट लागते का पाहणं, कडुनिंबाचा पाला चावायला देणं, जखमेला कोंबड्या लावणं, रात्रभर मारुतीच्या देवळात बसवणं. यांच्यावर मी वेगवेगळं बोलत नाही. सगळ्यांचा तोटा एकच, वेळ जातो. तेवढंच सांगायचं आणि पुढे सरकायचं.

थांबायचं असेल तर मण्यारीवर थांब. तिच्याबद्दल गावात वादच नसतो, कारण फारशी माहितीच नसते. पावसाळ्याचे दिवस, जमिनीवर अंथरूण, मध्यरात्र. मण्यार चावते तेव्हा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणा कधीकधी शोधूनही सापडत नाहीत. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळा येतात म्हणून. घरचे ओवा देतात, सोडा देतात. तासा-दोन तासांत पापण्या जड होतात, जीभ अडखळते, थुंकी गिळता येत नाही, आणि मग श्वास. यातल्या अनेकांना सापाच्या लशीबरोबर, म्हणजे विष उतरवणाऱ्या औषधाबरोबर, व्हेंटिलेटरही लागतो, नाहीतर निदान हातानं फुगा दाबत मोठ्या रुग्णालयापर्यंत न्यावं लागतं. "जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं आणि पापण्या मिटायला लागल्या, तर साप दिसला नसला तरी सापच समजा." हे वाक्य बायकांसमोर दोनदा म्हण. खाट नसेल तर मच्छरदाणी तरी लावा, तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा, हेही सांग. या सल्ल्याला विरोध करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मण्यार आणि तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या यांतला फरक मात्र सभेत शिकवू नकोस. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे मानेपाशी ठळक असतात आणि पुढे पुसट होत जातात; तुला-मला हे ठीक. कंदिलाच्या उजेडात घाबरलेल्या माणसाला नाही. घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणस यांचीही तीच गत. अर्ध्या ओळखीवर "अरे, बिनविषारी आहे" म्हणून कुणी घरी थांबला, तर ते माहिती देणाऱ्याच्या माथी.

"हे करू नका, ते करू नका" एवढंच सांगितलंस तर लोकांच्या हाती काही उरत नाही. घरात माणूस विव्हळतोय, आणि दहा हात काहीतरी करायला आसुसलेत. त्यांना काम दे. एकानं १०८ ला फोन करायचा, लागली नाही तर गावातली गाडी काढायची. एकानं चावल्याची वेळ लिहून ठेवायची. एकानं चावलेला हात किंवा पाय फळकुटाला सैलसर बांधून स्थिर करायचा. रोग्याला चालू द्यायचं नाही, उचलून न्यायचं. आणि अंगठ्या, जोडवी, बांगड्या लगेच काढायच्या, कारण सूज चढली की त्याच आवळपट्टीचं काम करतात. इथे जपून बोल. सवाष्णीच्या हातातला चुडा उतरवायला पुरुषानं सांगितलेलं घरात खपत नाही, त्यातून श्रावण असेल तर विचारूच नकोस. हे काम घरातल्या किंवा आळीतल्या जाणत्या बाईवर आधीच सोपवून ठेव. साबणाचा फेस लावून एकेक बांगडी सरकवता येते. मंगळसूत्राला हात लावायची गरजच नाही. हे प्रात्यक्षिक आशाताईंकडून करून घे, तू बाजूला उभा राहा.

भगताचं काय करायचं, यावर आपल्यातल्या काहींशी माझं पटत नाही. माझं मत असं की त्याच्या घरी सभेच्या आधी जावं, चहा घ्यावा. रात्री-अपरात्री माणसं त्याच्याच दारात येतात, आणि "आधी दवाखान्यात न्या" हे त्याच्या तोंडून निघालं तर आपल्या दहा भाषणांचं काम होतं. अंगारा लावायचाय? गाडीत लावू दे. मंत्र म्हणायचाय? गाडी चालू असताना म्हणू दे. विवेकवादी मित्र म्हणतात, यानं भगताची पत वाढते. वाढत असेल. जिवंत राहिलेल्या माणसाशी तो वाद सावकाश घालता येईल, असं मला वाटतं.

आणि एक सांभाळ: आपली बाजू पटवण्यासाठी खोटा दिलासा देऊ नकोस. कुणी म्हणेल, "त्या सुईनंच माणूस जातो." सुईला काही धोका नाही असं ठणकावून सांगितलंस तर तू फसलास. आपली लस घोड्याच्या रक्तातून तयार होते. काहींना पित्त उठतं, थंडी भरते, क्वचित रक्तदाब एकदम कोसळतो. म्हणूनच ती डॉक्टर हाताशी रक्तदाब सावरणारं अ‍ॅड्रिनलिन ठेवून देतात, आणि म्हणूनच लक्षणं नसताना उगाच देत नाहीत. रक्त गोठतंय का हे बघायला काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करून पाहतात. हे सांगून ठेव, नाहीतर "नेलं तर नुसतं बसवून ठेवलं" म्हणत लोक रोग्याला उठवून परत आणतात. लेकराला डोस मोठ्या माणसाइतकाच देतात, कारण सापानं सोडलेलं विष माणूस पाहून कमी होत नाही, हेही आईबापांना आधी ठाऊक असलेलं बरं. आणि ही लस चौघांवरच चालते, सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर नाही. विचारलं तर हेही लपवू नकोस.

आकडे हवेत म्हणालास. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे म्हणून केंद्रानं २०२४ मध्ये राष्ट्रीय आराखडाही काढला. हे ग्रामसेवकाला आणि आरोग्य अधिकाऱ्याला सांग. पारावर नको, तिथे गावातलं एक नाव पुरतं, आणि ते नाव गाव आपणहून घेतं.

त्या गावात परत जायच्या आधी एक काम कर. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तेही रात्री. लस आहे का, किती कुप्या, मुदत कधी संपते, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, नसतील तर ग्रामीण रुग्णालय किती लांब आणि पावसात मधला फरशीचा पूल पाण्याखाली जातो का, हे स्वतः पाहून ये. "दवाखान्यात न्या" असं आपण सांगायचं आणि लोकांनी दाराला कुलूप पाहायचं, असं एकदा जरी झालं तरी ते गाव पुढची दहा वर्षं भगताकडेच जाईल, आणि त्यांना दोष देता येणार नाही. कुलूप असेल तर तुझी पुढची सभा पारावर नाही, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये. अर्ज लेखी दे, पोच घे.

त्यानंतर आजोबांच्या घरी जा. भावाची गोष्ट पुरी ऐकून ये, तेव्हा अर्ध्यातच तोडलीस ती. भाऊ हयात असेल तर त्यालाही भेट, आणि काय काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
काका