भावाने जपानहून आणलेली सुरी पहिल्याच दिवशी काळीनिळी पडली. खराब झाली का?

नाही, अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की भावाने ओसाकाजवळच्या साकाईहून नाकिरी, म्हणजे भाज्या चिरायची जपानी सुरी, आणली, पहिल्याच दिवशी तुम्ही तिने किलोभर कैऱ्या चिरल्या आणि संध्याकाळपर्यंत पातं निळंकाळं झालं. फोडींच्या कडाही काळवंडल्या. मग घरात सुरू झालं: हे पोटात गेलं तर काय, भाऊ फसला का, आणि धार गेली की ती लावायची कुणाकडून.

पोटाची काळजी सोडा. आपल्या आज्यांनी जन्मभर लोखंडी विळीवरच चिरलं. माझ्या आजीच्या विळीचं पातं दौतीतून काढल्यासारखं काळं होतं, फक्त धारेची तेवढी चंदेरी रेघ. दोन कैऱ्या झाल्या की ती मांडीवरच्या फडक्याने पातं पुसायची, मग तिसरी घ्यायची. का पुसतेस असं विचारल्यावर "फोडी काळ्या होतात गं" एवढंच सांगायची. तुमची सुरीही त्याच जातीची आहे.

कैरीतलं आम्ल लोखंड किंचित विरघळवतं आणि तिच्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्या लोखंडाची गाठ पडली की निळाकाळा रंग येतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी काळी शाई करायचे, त्यात हेच घडतं. तुमच्या पात्यावर थोडी शाई तयार झाली म्हणा ना. हा काळा थर राहू द्या. तो जसजसा जमतो तसा पात्याचा गंज कमी होतो आणि चिरलेलं काळं पडणंही कमी होतं. घासायचा तो तांबडा गंज. पांढऱ्या कागदाने पातं पुसून बघा, कागदाला विटकरी रंग लागला तर गंज आहे. खायचा सोडा पाण्यात कालवून बाटलीच्या बुचाने चोळला की निघतो. तारेची घासणी नको.

भाऊ फसलेला नाही. स्टेनलेस म्हणवण्यासाठी पोलादात साधारण साडेदहा टक्के तरी क्रोमियम लागतं, तेवढं या सुऱ्यांत नसतं. साकाईच्या पारंपरिक सुऱ्यांचं पोलाद बहुतेक शिमाने प्रांतातल्या यासुगीचं असतं आणि त्याची नावं गमतीशीर आहेत: पांढरा कागद, निळा कागद. रंग पोलादाचा नाही, कारखान्यात ते ज्या कागदात गुंडाळायचे त्याचा. 'पांढरा' म्हणजे जवळजवळ निव्वळ लोखंड आणि कार्बन. दोन नंबरच्या पांढऱ्यात कार्बन १.०५ ते १.१५ टक्के. 'निळ्यात' थोडं टंगस्टन आणि चिमूटभर क्रोमियम, त्यामुळे धार जास्त दिवस टिकते. पण गंज दोघांनाही चढतो. "निळा घेतला म्हणजे गंजत नाही" असं कुणी म्हणालं तर मान डोलवून सोडून द्या.

हे पोलाद फक्त धारेपाशी असतं. बाकीचं अंग मऊ लोखंडाचं, दोन्ही भट्टीत तापवून ठोकून एकजीव केलेले. साकाईत घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा आणि मूठ बसवणारा तिसराच. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानला पोचली तेव्हा ती बारीक कापायच्या सुऱ्यांनी या गावाचं नाव झालं आणि पुढे तोकुगावा राजवटीने त्या सुऱ्यांना स्वतःचा शिक्काच दिला. आधी तंबाखूच्या सुऱ्या, मग माशांच्या. मी ओसाकात तीन वर्षं होते, माझी नाकिरीही साकाईचीच. दुकानदाराने पातं पुसून कागदात गुंडाळताना विचारलं, "घरी दगड आहे ना?" नाही म्हटल्यावर सुरी बाजूला ठेवून त्याने आधी मला धार लावायचे दगड दाखवले.

त्याचं महत्त्व मला पुण्याला परत आल्यावर कळलं. फ्रीझरमधली सुरमई पुरती वितळली नव्हती, मी घाईत नाकिरीच चालवली आणि मधल्या काट्यावर धारेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडाला. आपल्या नेहमीच्या सुऱ्या मऊ असतात, हाडावर बसल्या तर धार मुडपते. या सुऱ्यांची कठिणता रॉकवेल मापावर ६० च्या वर असते. मुडपणं त्यांना माहीत नाही, त्या तुटतात. मग दुसरी घोडचूक: सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला मी ती दिली. ठिणग्या उडाल्या, खड्डा गेला, मी खूश. दोन दिवसांत सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागली.

लोहार पातं लाल करून विझवतो म्हणजे ते कठीण होतं, त्याला आपण पाणी पाजणं म्हणतो. ते पाणी चाकावरच्या उष्णतेने उतरलं होतं. अशी पाती विझवल्यावर जेमतेम १५०-२०० अंशांवर शेकलेली असतात. कोरड्या चाकावर धार निळी दिसायला लागली की ती ३०० अंशांच्या आसपास पोचली असं समजा. (हा निळा आणि कैरीचा निळा वेगळे. कैरीचा रंग घासून जातो, हा घासला तरी गेलेलं पाणी परत येत नाही.) त्या माणसाचा दोष नाही, त्याचं चाक कोयत्या-विळ्यांसाठी आहे. मला पुढचे दोन रविवार दगडावर घासून तेवढी कड झिजवावी लागली, तेव्हा खालचं चांगलं पोलाद लागलं.

म्हणून दगड घ्याच. १००० नंबरचा एक पुरे, हौस असेल तर पुढे त्याहून बारीक, ३००० किंवा ६००० चा. कृत्रिम दगड बहुधा दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायचे, बुडबुडे थांबले की भिजला. खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकत नाही. नाकिरीला दोन्ही बाजूंनी धार असते. पातं दगडाला साधारण १५ अंशांत टेकवा, म्हणजे पाठीखाली करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढं, आणि न डगमगता पुढे-मागे चालवा. दगडावर राखाडी चिखल येईल, तो धुऊ नका, धार काढायला त्याचीही मदत होते. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूच्या कडेवर अंगठा आडवा, हलकेच फिरवा. पाठीकडून धारेकडे, धारेच्या लांबीवर कधीच नाही. तिथे बारीक खरखर लागली की इकडचं काम झालं. मग पलटा. शेवटी दोन्हीकडून अगदी हलक्या हाताने, ती खरखर जाईपर्यंत. साशिमीच्या, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांच्या, यानागिबासारख्या एकधारी सुऱ्यांचं तंत्र वेगळं, तुम्हाला त्याची गरज नाही.

रोजचं म्हणाल तर एकच गोष्ट: चिरून झाल्याबरोबर धुवा आणि कोरडी करा. "जेवून झाल्यावर" नाही, लगेच. माझ्या अनुभवात या सुऱ्या कैरीने मरत नाहीत, बेसिनमध्ये मरतात. खरकट्या वाट्यांखाली दोन तास पडली की ठिपके आलेच, आणि भांडी घासणाऱ्या मावशींच्या हाती लागली तर काथ्याने घासून मिळेल. मी सुरी ओट्याच्या वर खिळ्याला टांगते आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, अगदी पाहुण्यांनासुद्धा. लोक हसतात. पावसाळ्यात लाकडी म्यानात ठेवू नका, लाकूड ओल धरतं. खोबरेल तेलाचं बोट फिरवून कोरड्या कागदात गुंडाळा. शेंगदाणा तेल नको, काही दिवसांत चिकट होतं.

घरात चार हात स्वयंपाक करत असतील आणि कुणाला हे सगळं जमणार नसेल, तर स्वतःपुरती ठेवा आणि बाकीच्यांना स्टेनलेस द्या. त्यात कमीपणा नाही, जपानी घरांतही आता स्टेनलेसच जास्त दिसतं.

कोबी, मेथी, कांदा, काकडीची कोचवणी यांना नाकिरीसारखी सुरी नाही. नारळ, फणस, हाड तिला दाखवू नका. कैरीचं म्हणाल तर लोणच्याच्या फोडी पुढच्या वेळी स्टेनलेसच्या सुरीने करा, म्हणजे काळ्या पडणार नाहीत, आणि कोयीसकट फोडायच्या असतील तर अडकित्ताच काढा. या वेळी कोयीवर नाकिरी चालवली नसेल अशी आशा आहे. चालवली असेल तर आज रात्री धार वर करून दिव्याखाली धरा. चांगली धार दिसत नाही. जिथे पांढरा ठिपका चमकेल तिथे ती मोडली आहे. मोठा खड्डा असेल तर फोटो टाका, दगडावर निघेल की नाही सांगते.