३० टक्के समुद्र राखीव झाला, तर प्रवाळांच्या आरोग्याचे वेगळे निर्देशक कशाला?

२०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखीव करायचं जगातल्या देशांनी ठरवलंय, म्हणून तुमचा प्रश्न रास्त आहे, पण माझं उत्तर ठाम आहे: नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही. मी बडोद्यात जीवशास्त्र शिकवते, म्हणून उदाहरण गुजरातचंच देते. जामनगरजवळचं कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचं, देशातलं पहिलं. क्षेत्राच्या खात्यात ते तेव्हापासून जमा आहे. तिथले प्रवाळ आज किती जिवंत आहेत, हे मात्र त्या खात्यात कुठेच दिसत नाही.

जंगल तोडलं की उपग्रहाच्या चित्रात उघडं पडतं. प्रवाळाचं तसं नाही. पाणी फार दिवस तापलं की त्याच्या शरीरातलं सूक्ष्म शैवाल निघून जातं, तो पांढरा पडतो, उपाशी राहतो आणि मरतो. मेल्यावरही चुनखडीचा सांगाडा बरीच वर्षं जागेवर उभा असतो. म्हणजे खडकाचं क्षेत्रफळ तेवढंच, आणि आत जीव नाही!

जैवविविधता वाचवण्यासाठी देशांनी २०१० मध्ये ठरवलेल्या आइची लक्ष्यांपैकी दहाव्यात प्रवाळांचं थेट नाव होतं. त्यांच्यावरचा माणसाचा ताण २०१५ पर्यंत कमी करायचा होता, ते जमलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या जागी मंजूर झालेल्या कुनमिंग-मॉन्ट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्यात २३ लक्ष्यं आहेत, ३० टक्क्यांचं त्यातलंच, पण प्रवाळांसाठी स्वतंत्र असं एकही नाही. सगळ्या देशांनी ज्यांवर अहवाल द्यायचा, त्या मुख्य निर्देशकांत जिवंत प्रवाळांचं आच्छादनही नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण समुद्रतळाचा एक टक्काही न व्यापणाऱ्या या खडकांवर समुद्री प्रजातींपैकी सुमारे चतुर्थांश अवलंबून आहेत.

मोजणं अशक्यही नाही. तळावर टेप पसरायची आणि ठरावीक अंतरावर खाली जिवंत प्रवाळ आहे, शेवाळ आहे की वाळू, ते लिहायचं. अशाच नोंदी ७३ देशांतून गोळा झाल्या, म्हणून २०२१ च्या जागतिक अहवालाला सांगता आलं की २००९ ते २०१८ या काळात जगातले १४ टक्के प्रवाळ गेले. सोबत शेवाळ आणि शेवाळ खाणारे मासेही मोजायला हवेत. मासे उपसले गेले की शेवाळ माजतं आणि नव्या प्रवाळाला बूड टेकायला जागा उरत नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. साऱ्या जगाला एकच आकडा लावू नये. कच्छचं आखात गढूळ, भरती-ओहोटीचा फरक प्रचंड आणि प्रवाळांच्या जाती अंदमानपेक्षा कितीतरी कमी. त्याची तुलना त्याच्याच जुन्या नोंदींशी व्हावी, त्याच जागांवर, शक्यतो दर वर्षी. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक विरंजन, म्हणजे जगभर प्रवाळ पांढरे पडणं, जाहीर झालं. पाच-पाच वर्षांनी मोजणाऱ्याला त्या उन्हाळ्यात नेमकं काय मेलं आणि काय सावरलं, हे सांगता येणार नाही.