मिस्त्रीला सोमवारी इंजिन उतरवू देऊ नका, आधी ड्राइव्ह काढून पाहा

दादा, तुमची पोस्ट वाचली. बोट दोन पावसाळे हिंगण्याच्या शेडमध्ये उभी, चावी फिरवली की फक्त टक आवाज येतो, पुढे क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन तसूभर हलत नाही, मिस्त्री म्हणून राहिला की इंजिन सीझ झालं, सोमवारी उतरवू. माझ्यासोबत अगदी हेच झालं होतं. बॅटरी, टर्मिनल तुम्ही पाहिलंच असेल, त्यात जात नाही.

माझी बोट जुनी आहे, मर्क्रूझरचं 4.3 व्ही-6 इंजिन आणि मागे बोटीच्या बाहेर पंखा फिरवणारा अल्फा वन ड्राइव्ह. सप्टेंबर 2023 मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीच्या काठाने घराघरात पाणी शिरलं, त्या रात्री ती ट्रेलरवर आमच्या आवारात उभी होती. सकाळी पाहतो तर ट्रेलरची चाकं गाळात आणि ड्राइव्ह निम्मा पाण्यात. इंजिनपर्यंत पाणी पोचलंच नव्हतं, आतली बिल्ज, म्हणजे बोटीचा तळ, कोरडी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पुढे जो तो म्हणे, "पुरात बोट बुडाली म्हणजे इंजिन गेलं", आणि मीही तेच धरून बसलो.

त्यात एका ऑफिसने सांगितलं की पाहणी होईपर्यंत काही खोलायचं नाही, नाहीतर नुकसानीचा अर्ज बाद. मी खोललं नाही. दर पंधरा दिवसांनी चक्कर मारायचो, एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा फाइल दुसऱ्या टेबलवर, एकदा तर अर्जच नव्याने लिहून मागितला. पाच महिने गेले आणि पाहायला कोणी फिरकलं नाही. आजही आठवलं की संताप होतो, कारण तेवढे पाच महिने पुराचं गढूळ पाणी फाटलेल्या बेलोजमध्ये (बोट आणि ड्राइव्हमधलं घड्यांचं रबरी आवरण) साचून बेअरिंग खात होतं. पहिल्या आठवड्यात खोलून पाणी काढून ग्रीस भरलं असतं तर हे पुढचं काही झालंच नसतं. तुमचंही काही क्लेमचं असेल तर फोटो आणि व्हिडिओ काढा, लेखी कळवा आणि पाणी काढून टाका, वाट पाहू नका. हे माझं मत आहे, नियम काय सांगतो ते वकिलाला विचारा.

आता मुख्य गोष्ट. आमचा मिस्त्री ट्रकच्या डिझेलमधला चांगला माणूस, हात साफ, पण तो म्हणाला, "गिअर न्यूट्रल आहे न, म्हणजे मागे काही लोड नाही, जाम आहे ते इंजिनच." मला पटलं. पण अल्फामध्ये न्यूट्रल म्हणजे गाडीसारखं न्यूट्रल नसतं. त्याचा डॉग क्लच, म्हणजे गिअर जोडणारा-सोडणारा भाग, पार खाली, पंख्याच्या शाफ्टवर असतो. म्हणजे न्यूट्रलमध्येही इंजिनासोबत ड्राइव्हच्या तोंडचा जॉइंट, वरचे गिअर, उभा शाफ्ट, पाण्याच्या पंपाचं इम्पेलर, सगळं फिरतं. त्यातलं एक जरी गंजून धरलं तरी पुढे पान्याला इंजिन सीझ झाल्यासारखंच वाटतं.

आम्ही हेड उतरवलं. हेडसाठी आधी मॅनिफोल्ड काढावा लागतो, त्याचे बोल्ट गंजलेले, ठोकता ठोकता बिडाच्या मॅनिफोल्डचा कान तुटला. तो एक तुकडा मला सगळ्यात महाग पडला, पैशाने आणि वेळेनेही. आणि हेडखाली काय, तर सिलिंडर लख्ख, होनिंगच्या रेघासुद्धा दिसत होत्या. तरी तीन फुटी पाइप चढवून क्रँक हलेना. शेवटी ओळखीचे एक रिटायर्ड फिटर काका आले, वाकून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ड्राइव्ह काढला का?"

ड्राइव्ह शाफ्टला असा धरला होता की निघायला दोन दिवस लागले. निघाला तेव्हा बेलोजमधून चहाच्या रंगाचं पाणी आणि गाळ पडला. ड्राइव्हचा शाफ्ट ज्यातून इंजिनकडे जातो त्या गिंबल बेअरिंगचे छर्रे गंजाने एकमेकांना चिकटलेले, जॉइंट लोखंडाचा गोळा झालेला. मग काकांनी क्रँकच्या बोल्टवर साधा गोटी पाना लावला, पाइप नाही काही नाही, आणि सहाही पिस्टन एकामागे एक वरखाली झाले. मी तिथेच ट्रेलरवर बसलो.

म्हणून सोमवारी हे करा. आता सेल्फ अजिबात मारू नका, सगळे प्लग काढा, कारण सिलिंडरमध्ये पाणी असलं आणि सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गिअर फॉरवर्डला टाका, अल्फा तसाच निघतो, ड्राइव्ह वरखाली करणाऱ्या ट्रिम सिलिंडरच्या मागच्या पिना आणि सहा नट, दोन माणसं पाहिजेत, तो जड आहे. मग पुढून घड्याळाच्या दिशेने फिरवून पाहा. तुमचं 3.0 इंजिन असेल तर काहींना पुढे बोल्टच नसतो, फ्लायव्हीलच्या दात्यांवरून हलवा. फिरलं तर इंजिनला हात लावू नका. नाहीच फिरलं तरच प्लगच्या भोकांतून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं सोडा, चार दिवस मुरू द्या, मग थोडं पुढे थोडं मागे. अ‍ॅसिटोन भडकतं, आपल्याकडच्या मे महिन्यात बंद बिल्जमध्ये तर नकोच, झाकण उघडं ठेवा.

मी मेकॅनिक नाही, व्होल्वोच्या ड्राइव्हचा मला अनुभव नाही, हे सगळं अल्फापुरतं. एक मात्र कोणत्याही बोटीला: पैसे वाचवायला कारचा सेल्फ किंवा अल्टरनेटर लावू नका, त्यांच्या ठिणग्या आत बंदिस्त नसतात आणि खाली पेट्रोलची वाफ साचते. आणि बोट उभी ठेवताना ड्राइव्ह खाली सोडून ठेवा, वर उचलून ठेवला की बेलोज ताणलेले राहतात आणि नागपूरच्या उन्हात तिथेच चिरतात. माझे तसेच गेले होते.

परत बसवताना अलाइनमेंट बार, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते पाहायचा दांडा, लागतो, तो बेअरिंगमधून इंजिनच्या कपलरमध्ये हाताने सरकला पाहिजे. इथे विकत मिळणं कठीण, मी लेथवाल्याकडून करून घेतला होता, तो पडून आहे. ड्राइव्ह काढल्यावर बेलोजचा आतून फोटो टाका आणि बार लागला तर मेसेज करा.