लाल गोल

"मॅडम, टेन्शन आलं की मी खात सुटते. त्यामुळेच वजन वाढतंय ना?" कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरची बाई पर्स खाली ठेवायच्या आत मला त्याची चाहूल लागते. हल्ली पुरुषही येतात, बरेचसे हिंजवडीहून. ते 'स्ट्रेस' म्हणतात, एवढाच फरक.

या बाई तर पुरावाच घेऊन आल्या होत्या. वय ४४, बँकेत नोकरी, वजन ७४ किलो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्यांनी १९८६ साली नेदरलँड्समध्ये तयार झालेली ३३ प्रश्नांची प्रश्नावली भरली होती. चिडचिड झाली की खावंसं वाटतं का, एकटं वाटलं की वाटतं का, असे प्रश्न. 'कधीच नाही'पासून 'अगदी वारंवार'पर्यंत पाच उत्तरं, त्यांचे एक ते पाच गुण आणि शेवटी सरासरी. भावनिक खाण्याची सरासरी ३.६. तिच्याभोवती लाल पेनाने गोल.

"बघा, सिद्धच झालं."

प्रश्नावली चांगली आहे, मीही वापरते. पण आपण स्वतःबद्दल काय सांगतो ते ती मोजते, ताटात काय पडलं ते नाही. जास्त गुण आणि जास्त वजन हे बऱ्याचदा बरोबर दिसतात, हे खरं. पण कोण कोणाच्या मागून आलं, हे एकदाच मोजून कळत नाही. वजनाची लाज वाटायला लागली की माणूस साध्या भुकेलाही 'टेन्शन' म्हणू लागतो. भरपूर गुण पडलेल्या लोकांना प्रयोगात मुद्दाम उदास केलं, तरी ते दर वेळी जास्त खातात असं आढळलेलं नाही.

कागदावर आणखी दोन आकडे होते. पदार्थ दिसला, वास आला की खाणं: २.४. खाण्यावर लगाम ठेवणं: ४.३.

"हा ४.३ बघितलात?"

"तो चांगलाच आहे की. तेवढा तरी कंट्रोल आहे माझा."

मी वाद घातला नाही. दोन आठवडे वही लिहायला सांगितली: काय खाल्लं, किती वाजता, त्याआधी कधी खाल्लं होतं आणि त्या क्षणी मनात कोणतं वाक्य होतं. शेवटच्या रकान्यावर माझा जीव. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीत मुरलेली: घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा विचार आपल्याला जास्त छळतो, असं मानणारी. भावना दिसली की आधी तिच्यामागचं वाक्य शोधते.

वही आली. दुपारी डब्यात अर्धी पोळी आणि काकडी. संध्याकाळी सातला घरी, ओट्याशी उभ्या-उभ्याच एक बाकरवडी. त्याखाली, त्याच वेळी, आणखी आठ. वाक्य: 'खाल्लीच शेवटी. आजचा दिवस गेला. आता उद्यापासून.' १४ दिवसांपैकी नऊ दिवस हेच वाक्य, शब्द थोडे इकडेतिकडे.

"पहिली का खाल्लीत?"

"भूक लागली होती."

"आणि पुढच्या आठ?"

खाली कर्वे रस्त्यावर कोणीतरी हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हतं. बाई वहीकडे बघत राहिल्या.

"चिडून," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "ऑफिसवर नाही हो. पहिली खाल्ली म्हणून. माझ्यावरच."

इतकी वर्षं हे काम करतेय, पण असा क्षण आला की अजूनही अंगावर काटा येतो. भावना होतीच, पण ती बाहेरून आलेली नव्हती. दिवसभराच्या उपासमारीने आणि 'मी चुकताच कामा नये' या हट्टाने ती रोज सातला ओट्याशी उभी केली होती. लाल गोल हवा होता तो ४.३ला.

म्हणून मी सगळ्यांना आधी विचारते: दुपारी काय जेवता? डब्यात दोन पोळ्या, भाजी, आमटी किंवा उसळ असू द्या. संध्याकाळचं खाणं बशीत घ्या आणि बसून खा. 'दिवस गेला' असं मनात आलं की वहीत त्याखाली लिहा, 'एक खाल्ली म्हणजे एक खाल्ली.' थायरॉइड आणि झोपेबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. लपून भराभर खाणं, थांबताच न येणं किंवा खाऊन उलट्या काढणं असं काही असेल, तर माझ्याआधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

चार महिन्यांनी बाईंचं वजन ७२ भरलं. "दोनच किलो?" म्हणून थोड्या रुसल्याच. बाकरवडीचा डबा कुठे ठेवलाय, विचारलं.

"ओट्यावरच आहे. परवा बघितलं तर मऊ पडलेल्या."